स्वित्झर्लंडमध्ये वाणसामान आणि भेटवस्तू घेताना या चुका टाळा

मे महिन्यात पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबं ल्युसर्न, इंटरलाकेनला जातात. हल्ली बरेच जण स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतात, कारण आईवडिलांना रोज बाहेरचं खाणं झेपत नाही. देश महाग आहेच. पण माझा अनुभव असा, की खिसा जास्त रिकामा होतो तो चुकीच्या वारी, चुकीच्या जागी खरेदी केल्यानं.

पहिली चूक वाराचीच. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शनिवारी संध्याकाळी सातला पोचलो आणि म्हटलं, दूध-भाजी उद्या आणू. रविवारी बाहेर पडलो तर मिग्रोस, कोप, सगळी मोठी दुकानं बंद! आईला सकाळच्या चहालाही दूध मिळालं नाही. तिथे बहुतेक सुपरमार्केटं शनिवारी लवकर मिटतात आणि रविवारी उघडतच नाहीत. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं मात्र रविवारीही चालू असतात. हे आधी माहीत असतं तर आईला दुपारपर्यंत थांबावं लागलं नसतं. मे-जूनमध्ये ‘असेन्शन’चा गुरुवार आणि ‘व्हिट मंडे’ अशा सुट्ट्याही येतात, त्या तारखा निघण्यापूर्वीच बघून ठेवा.

दुसरी चूक घरून काय न्यायचं याची. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, पनीर नको. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि हापूसही नाही. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, पोह्यांचा चिवडा न्या. बासमती, मसूर, डब्यातले छोले तिथे सहज मिळतात आणि साधं घट्ट दही ‘नाटूरयोगुर्ट’ नावानं मिळतं. खिचडी आणि दहीभात एवढ्यावर आमचे चार दिवस छान गेले.

दुकानात गेल्यावर सर्वात स्वस्त माल शोधायचा तर मिग्रोसमध्ये ‘एम-बजेट’ आणि कोपमध्ये ‘प्री गारांती’ हे शिक्के बघा. संध्याकाळी मुदत संपत आलेल्या पदार्थांवर सवलतीचे स्टिकर लागतात. आल्डी, लिडल, डेनर ही दुकानंही तशी परवडणारी. अनेक ठिकाणी फळं-भाज्या स्वतः काट्यावर ठेवून नंबर दाबायचा आणि चिठ्ठी चिकटवायची असते. ते विसरलात तर काउंटरवरून परत पाठवतात आणि मागे रांग थांबते. पिशवीचे पैसे पडतात, घरची कापडी पिशवी न्या.

शाकाहारी मंडळींनी इथे जास्त जपायला हवं. ‘ग्रुयेर’ चीज करताना दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, आणि जेलीच्या गोळ्यांत बहुधा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. पिवळ्या गोलातला हिरवा ‘व्ही’ शोधा, नाहीतर फोनच्या कॅमेऱ्यानं लेबलचं भाषांतर करून वाचा. ‘श्वाइन’ म्हणजे डुक्कर, ‘रिंड’ म्हणजे गोमांस, ‘काल्ब’ म्हणजे वासरू.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम असतं. एकट्या झुरिकमध्ये 1200 हून जास्त कारंजी आहेत. ‘काइन ट्रिंकवासर’, म्हणजे पिण्याचं पाणी नाही, असं लिहिलेलं तेवढं टाळा.

आता भेटवस्तू. युंगफ्राउयोख हे पर्यटकांचं आवडतं ठिकाण डोंगरावर 3454 मीटर उंचीवर आहे. चॉकलेट तिथे घेण्याऐवजी खाली सुपरमार्केटमधून घ्या. ‘काये’, ‘रागुझा’ किंवा मिग्रोसचं ‘फ्राय’ नातेवाइकांना नक्की आवडेल. कांब्लीची बिस्किटं आणि रिकोलाच्या गोळ्या वजनाला हलक्या असतात, आणि मुंबईच्या उकाड्यात त्या वितळतही नाहीत. ‘कुकू’ घड्याळ घेताना एवढं ध्यानात असू द्या, की ते मूळचं जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टचं आहे. गाईची घंटा उलटी करून कुठे बनली ते वाचा. व्हिक्टोरिनॉक्सचा चाकू घेतलात तर तो चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीवर जाईल.

पैसे देताना मशीन ‘रुपये की फ्रँक?’ विचारतं. फ्रँकच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. युरो दिलात तर सुटे फ्रँकमध्ये येतात आणि दरही दुकानदार ठरवतो.

वस्तूंवरच्या कराचा परतावा एका दुकानातली खरेदी 300 फ्रँकची झाली तरच मिळतो. फॉर्म दुकानातच मागायचा. देश सोडताना स्विस कस्टमचा शिक्का घ्यायचा, आणि वस्तू दाखवावी लागू शकते म्हणून सामान चेक-इनला देण्याआधी. रेल्वेनं पॅरिसला जाणार असाल तर हे काम स्वित्झर्लंडमध्येच उरका. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे पॅरिसच्या विमानतळावर स्विस फॉर्मवर शिक्का मिळणार नाही.