मीटर काढून नेलेलं घर घेताय? मग आधी हे बघून घ्या

रिसेलला किंवा बँकेच्या लिलावात एखादं घर आजूबाजूच्या रेटपेक्षा बरंच स्वस्त दिसतं, आपण बघायला जातो आणि दारातच एजंट म्हणतो, "लाईट नाहीये जरा, मोबाईलचा टॉर्च लावा." तिथेच त्याला विचारायचं की नाहीये म्हणजे नक्की काय झालंय. बहुतेक वेळा त्यालाच माहीत नसतं, किंवा माहीत असून सांगायचं नसतं. अशी घरं वाईटच असतात असं अजिबात नाही, चांगली निघतात, पण थकबाकी किती आहे हे निदान ऑफिसात जाऊन कळतं तरी, भिंतीतला पाईप कुठे सडलाय हे लाईट-पाणी बंद असताना कुणीच सांगू शकत नाही, आणि पैसे जास्त तिथेच जातात. खालचं सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, त्यातही महावितरणच्या एरियापुरतं. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा असले तरी तत्त्व तेच.

सुरुवात मीटरच्या बोर्डापासून करा. मीटर जागेवर आहे पण सप्लाय तोडलाय, तर ते टीडी, म्हणजे टेम्पररी डिस्कनेक्शन, तात्पुरतं तोडलेलं. बोर्डावर नुसती स्क्रूची भोकं आणि चिकटपट्टी गुंडाळलेली वायरची टोकं लोंबतायत, तर मीटर नेलेलं आहे आणि केस बहुतेक पीडीची, म्हणजे परमनंट डिस्कनेक्शनची. आता पीडी का झालं हे शोधायचं. बिल थकलं म्हणून, की मालक पोरांकडे अमेरिकेला गेले आणि रिकाम्या घराचा स्थिर आकार कशाला भरायचा म्हणून त्यांनीच अर्ज देऊन बंद केलं, की वीजचोरी सापडली म्हणून? तिसरं असेल तर फार जपून, कारण तिथे नुसतं जुनं बिल नसतं, दंडाचं असेसमेंट असतं आणि वाद कोर्टात गेलेला असू शकतो.

हे कळायला १२ आकडी ग्राहक क्रमांक लागतो. जुनं बिल मिळालं तर उत्तम, नाही तर शेजाऱ्याचं बिल बघा, त्यावर बिलिंग युनिट असतं म्हणजे महावितरणच्या कुठल्या सबडिव्हिजन ऑफिसला जायचं ते कळतं, आणि जुन्या मालकाचं नाव-पत्ता सांगितला की तिथे पीडीच्या यादीत सापडतं. एकाच घराला दोन मीटर होते का हेही विचारा, वरच्या मजल्यावर भाडेकरू असला की दुसऱ्या मीटरची थकबाकी मागाहून निघते. तोंडी "काही नाही हो बाकी" वर जाऊ नका, थकबाकी नसल्याचं लेखी घ्या, किंवा आकडा लेखी घ्या.

"जुन्या मालकाचं बिल मी का भरू" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. तर भरावं लागतं. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने के. सी. निनान केसमध्ये सांगितलंय की राज्याच्या नियमात तशी तरतूद असेल तर वीज कंपनी आधीची थकबाकी भरल्याशिवाय नवीन मालकाला कनेक्शन नाकारू शकते, आणि लिलावात "जसं आहे तसं" म्हणून घेणाऱ्याने ही चौकशी आधी करणं अपेक्षित आहे. आपल्याकडे वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या सप्लाय कोडमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियमावलीत, थकबाकीचा बोजा जागेवर राहतो, पण वारसदार सोडून नव्या मालकावर तो जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकीत वीजबिलापुरताच येतो. ही सहा महिन्यांची मर्यादा काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. सांगितलेला आकडा मोठा वाटला तर महिनावार हिशोब मागा आणि अर्जात या तरतुदीचा उल्लेख करा. शिवाय अधूनमधून अभय योजना निघते, २०२४ ची खास पीडी ग्राहकांसाठीच होती, मूळ रक्कम भरली की व्याज आणि विलंब आकार माफ, आणि नवीन खरेदीदारालाही तिचा फायदा होता. तेव्हा पैसे भरण्याआधी अशी काही योजना चालू आहे का ते विचारून घ्या.

व्यवहार थेट मालकाशी असेल तर सरळ आहे, साठेखतात लिहून घ्या की वीज, पाणी, घरपट्टी, सोसायटी सगळं खरेदीखताच्या तारखेपर्यंत विकणाऱ्याने भरायचं, आणि शेवटच्या हप्त्यातली काही रक्कम नवीन मीटर बसेपर्यंत अडकवून ठेवा. विकणारा कुरकुर करतो, करू दे, मीटर बसलं की त्याचे पैसे त्याला मिळणारच आहेत ना.

लिलावात ही सोय नाही. सरफेसी कायद्याखालच्या लिलावात (कर्ज थकलं की बँक तारण घर विकते तो) बोली लागली की २५ टक्के (अनामत धरून) लगेच, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, आणि बाकीचे साधारण १५ दिवसांत भरायचे असतात, तेवढ्यात महावितरणच्या फेऱ्या मारून काही होत नाही, म्हणून सगळी चौकशी बोलीच्या आधी. बँकेची नोटीस नीट वाचा. ताबा प्रत्यक्ष आहे की नुसता सांकेतिक? सांकेतिक असेल तर कुलूप अजून जुन्या मालकाकडे आहे, आत जाऊन काही तपासताच येणार नाही, आणि माझं स्पष्ट मत की पहिलंच घर घेणाऱ्याने या भानगडीत पडू नये. "बँकेला माहीत असलेले बोजे" या रकान्यात काही नाही असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बँकेला माहीत नाही एवढाच.

बाकीची थकबाकी पटकन सांगतो. घरपट्टीचा बोजा मिळकतीवरच असतो, पुण्यात तर थकलेल्या मिळकतकरावर महिन्याला २ टक्के दंड चढतो, त्यामुळे पाच-सात वर्षं बंद असलेल्या घराचा आकडा बघून घाम फुटू शकतो. सोसायटीचा मेंटेनन्स सेक्रेटरीकडून लेखी घ्या, आणि ट्रान्सफर प्रीमियम (घर नव्या मालकाच्या नावावर करायला सोसायटी घेते ती रक्कम) २५ हजारांच्या वर मागत असतील तर तो नियमात बसत नाही. पाइप गॅस असेल तर जुन्या ग्राहकाचं खातं बंद करून घ्या. नळजोड महापालिकेच्या रेकॉर्डला आहे का ते वॉर्ड ऑफिसात बघा, कारण तोडलेला नळ कधी अधिकृत नव्हताच असंही निघतं, मग तो पुन्हा जोडून मिळत नाही, नवीनच घ्यावा लागतो. गावाकडचं घर असेल तर ग्रामपंचायतीत पाणीपट्टीची पावती मागा.

आता घरात. दिवसा जा, जमलं तर पावसाळ्यात जा, कारण उन्हाळ्यात स्लॅबचं लिकेज दिसत नाही आणि बंद घरात ते पुसायला कुणी नसतं. ओळखीचा प्लंबर आणि लायसन्सवाला वायरमन सोबत न्या, एजंटचा नको.

पाण्याची टेस्ट अशी करायची की मालकाची किंवा बँकेची परवानगी घेऊन छोटा टँकर बोलवायचा आणि वरची टाकी भरायची. टाकी भरताना घरातले सगळे नळ बंद ठेवा, पातळीला खडूने खूण करा आणि दोनेक तास थांबा. घरात कुणी एक थेंब वापरत नसताना पातळी उतरली तर पाणी कुठेतरी भिंतीत किंवा जमिनीत मुरतंय. मग एकेक नळ सोडा. जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपातून आधी चहासारखं तांबडं पाणी येतं, ते काही वेळाने निवळलं तर ठीक, पण धार करंगळीएवढीच राहिली तर पाइप आतून गंजून बुजलाय आणि सगळी लाईन बदलायचा खर्च धरून चाला, म्हणजे टाइल्स फोडणं पण आलं. फ्लश करून बघा, बाथरूमच्या जाळीत बादलीभर पाणी ओता, कारण बंद घरात ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखाली वास अडवायला साठून राहणारं, पाणी सुकतं आणि तिथून वास आणि झुरळं येतात, ते पाणी ओतल्यावर थांबलं तर चिंता नाही, पण पाणीच तुंबलं तर ड्रेनेज चोकअप आहे. खालची पाण्याची टाकी वर्षानुवर्षं कोरडी राहिली असेल तर तिला तडे गेलेत का तेही भरूनच कळतं. बोअर असेल तर बंद पडलेली सबमर्सिबल मोटर जाम झालेली असू शकते, तिचा भरवसा धरूच नका.

लाईटसाठी वायरमनला मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, आणायला सांगा. मेन स्विच बंद करून, सगळी उपकरणं आणि बल्ब काढून, ५०० व्होल्टवर रीडिंग १ मेगाओमच्या खाली आलं तर कुठेतरी इन्सुलेशन गेलंय. ओल किंवा उंदीर, यातलं एक असतंच. हे वीस मिनिटांचं काम आहे आणि त्याला महावितरणचा सप्लाय लागत नाही, तरी लाखोंचा व्यवहार करताना लोक हे करत नाहीत, याचं मला खरंच नवल वाटतं. रीडिंग चांगलं आलं तर भाड्याचा छोटा जनरेटर लावून पॉइंट चालवून बघता येतात, पण खांबावरून येणारी सर्व्हिस वायर खरंच सुटलेली आहे याची खात्री वायरमननेच करायची, तुम्ही नाही. अर्थिंग तपासा, जुन्या बंगल्यात पत्रा-पाइप असतो पण जोडणी गंजून तुटलेली असते.

या सगळ्याचा खर्च काढा, थकबाकीचा आकडा त्यात मिळवा, आणि मग भावाचं बोलणं सुरू करा. लेखी हिशोब समोर ठेवला की विकणारा पण नुसतं "बाजारभाव, बाजारभाव" करत बसत नाही.

खरेदीखत झालं की लगेच अर्ज टाका. पीडी होऊन बरेच महिने उलटले असतील तर जुनं मीटर परत जोडून मिळत नाही, नवीन कनेक्शनचाच अर्ज, सोबत इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), ओळखपत्र आणि वायरमनचा टेस्ट रिपोर्ट. लोड आत्ताच विचार करून टाका, एसी आणि गीझर येणार असतील तर थ्री फेज मागून घ्या, मागाहून लोड वाढवायला परत तेच कागद आणि त्याच फेऱ्या.

आणि मीटर येईपर्यंत रंगकामासाठी शेजारच्या काकांकडून वायर ओढायचा मोह होतो, काकाही हो म्हणतात. ते करू नका. एका जागेची वीज दुसऱ्या जागेत वापरणं वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर धरतात आणि बिल दुप्पट दराने लागतं, तेही काकांच्या नावावर. कामासाठी तात्पुरतं कनेक्शन मिळतं, त्याचा अर्ज करा, नाही तर जनरेटर आणा.