वॉर्डात नवीन येणाऱ्या पोरापोरींसाठी

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात. "सिस्टर, पोरीले नर्सिंगले टाकू का?" टाका, पण आधी पोरीला विचारा. नर्सिंगचे कोर्स तीन: एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी चार. एम्समध्ये जायचं तर पुढे नॉरसेट, म्हणजे तिथल्या नर्सभरतीची परीक्षा. ही माहिती कुठेही मिळते. नोकरीचं म्हणाल तर मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतले खासगी दवाखाने एवढं सगळं असलेल्या नागपुरात सिस्टर रिकामी बसत नाही. सुरुवातीचा पगार बघून मात्र घरचे तोंड वाकडं करतील, याची तयारी ठेवा.

नवीन पोरींना कधी एकदा आपल्या हाताने इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत सलाईनची नळी, लावतो असं झालेलं असतं. ते महिनाभरात जमतं. जमायला वेळ लागतो तो ओव्हर घ्यायला, म्हणजे आधीच्या ड्युटीच्या सिस्टरकडून पेशंट ताब्यात घ्यायला. खुर्चीत बसून वहीवरून ओव्हर घेऊ नका. खाटेपाशी जा, चादर बाजूला करा. सलाईनची जागा सुजली आहे का, युरोबॅगमध्ये लघवी किती आहे, ऑक्सिजनचा काटा कुठे आहे, इमर्जन्सी ट्रेमधलं सामान जागेवर आहे का, हे जाणाऱ्या सिस्टरच्या समोरच बघा. "पेशंट झोपलाय" असं ती म्हणाली तर त्याला हाक मारून बघा. झोपलेला माणूस उठतो. जो उठत नाही त्याच्यासाठी डॉक्टरांना तेव्हाच फोन करायचा. रात्री दोनला निवासी डॉक्टर वैतागतात, वैतागू द्या. फोन किती वाजता केला, ते काय म्हणाले, हे केसपेपरवर लिहा. उद्या चौकशी लागली तर तुमची आठवण कोणी विचारत नाही, कागद मागतात.

इन्सुलिनचं जरा सविस्तर सांगते. बाटली ४० युनिटची की १०० युनिटची, म्हणजे एका मिलीत किती युनिट, हे दर वेळी वाचायचं. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. १०० च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत औषध भरलं, तर पेशंटला २० नाही, ५० युनिट जातात. पहाटे तो साखर उतरून घामाने थबथबलेला सापडतो. दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय इन्सुलिन टोचायचं नाही. तुम्ही कितीही सीनियर झालात तरी हे सोडू नका. पोटॅशियमचंही तसंच. ते कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही, सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यायचं.

आमच्याकडे वॉर्डाचं पंचांग वेगळं असतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, उष्माघाताचे पेशंट येतात: रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर, फुटपाथवर झोपणारे म्हातारे. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. शर्ट काढायला गेलं की खिशातून कांदा घरंगळतो. ऊन लागू नये म्हणून बिचाऱ्याने ठेवलेला असतो. नवीन मुलगी आधी पॅरासिटामॉल शोधते. हा ताप त्याने उतरत नाही. कपडे काढा, अंगावर पाणी मारा, पंखा-कूलर लावा, काखेत, मानेला, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. पावसाळा लागला की शेतातून साप चावलेले येतात. त्यांच्या जखमेइतकंच पापण्यांकडे लक्ष ठेवा. पापण्या जड व्हायला लागल्या की थांबायचं नाही, डॉक्टरांना तेव्हाच बोलवायचं.

सिकलसेल, म्हणजे अंग असह्य दुखवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार, मात्र बारा महिने. विदर्भात काम करायचं तर हा आजार नीट वाचून या. पेशंट वेदना दहापैकी नऊ सांगतो आणि मोबाईल बघत पडलेला असतो, त्यामुळे नवीन स्टाफला तो नाटकी वाटतो. ज्याला लहानपणापासून दुखतं तो दर वेळी रडेलच कशाला? त्याचं इंजेक्शन वेळेवर द्या, सलाईन चालू आहे ना ते बघा, अंगावर पांघरूण घाला. एक मुलगी आमच्याकडे फ्रॉकात असल्यापासून यायची. ती मोठी झाली तशी नवीन सिस्टरला दमच द्यायला लागली, "डाव्या हाताले नका लावू, तिथं भेटत नाही. उजव्या अंगठ्याच्या वर पाहा." शीर तिथेच सापडायची. डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना बाय करून जायची आणि आम्ही म्हणायचो, "आता दिसू नको बाप्पा इकडे."

आता त्रासाचं. पेशंटचा त्रास फार नसतो, नातेवाइकांचा असतो. रात्री चाळीस खाटांना दोघी जणी, आणि प्रत्येकाला आपलंच सलाईन आधी बदलून हवं. कोणी अंगावर धावून आलं तर एकटीने वाद घालू नका. मामांना, म्हणजे वॉर्डबॉयला, हाक मारा, सिक्युरिटीला बोलवा, तक्रार लेखी द्या. राज्यात २०१० पासून यासाठी कायदा आहे आणि त्यात नर्सही येते. "जाऊ दे ना सिस्टर" असं म्हणणारे ऑफिसात भेटतील, तरी द्या. दिवाळीला नाईट लागते, पोराच्या गॅदरिंगला इव्हिनिंग लागते. मैत्रिणींशी ड्युटी बदलून घेता येते, पण त्यासाठी आधी आपण कोणाची तरी घेतलेली असावी लागते. ज्या घरात सासूबाई "नाईट आहे, झोपू द्या तिला" म्हणतात, त्या घरातली सिस्टर टिकते. बाकीच्या दुपारी झोपेऐवजी कणीक मळतात आणि चाळिशीत बीपीची गोळी सुरू करतात.

स्वतःकडे बघायचं काय? रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस घ्या. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. सुई टोचलीच तर लपवू नका. जागा साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कॅज्युअल्टीत कळवा, कारण एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. बूट चांगले घ्या, पायांच्या शिरा फुगायला वेळ लागत नाही. आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतं, त्यासाठी हजेरी लावलेल्या कार्यशाळांची सर्टिफिकेटं एका फाइलीत ठेवा. शेवटच्या आठवड्यात कपाट उपसणाऱ्या सिस्टर दर वर्षी दिसतात.