सिंहस्थापूर्वी संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची तयारी

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील ज्या धर्मशाळा व लॉज २०२७ च्या सिंहस्थासाठी स्वतःच्या संकेतस्थळावरून खोल्यांची नोंदणी घेणार आहेत, त्यांनी सर्व्हरच्या सुरक्षा प्रमाणपत्राचे (संकेतस्थळ खरे असल्याची ब्राउझरला खात्री देणाऱ्या आणि माहिती सांकेतिक रूपात पाठवू देणाऱ्या फाइलचे) काम आताच एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे. यात्रेकरूंची ओळखपत्रे आणि पैसे याच वाटेने येतात. प्रमाणपत्र नसल्यामुळे किंवा त्याची मुदत संपल्यामुळे ब्राउझरने धोक्याची सूचना दाखवली तर यात्रेकरू पुढे जाणार नाही, आणि त्याने जाऊही नये.

सर्वांत आधी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, कोणाच्या नावावर आहे आणि त्याच्या खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे पाहावे. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याकडेच ते खाते राहिले असेल, तर ते ताब्यात येईपर्यंत पुढचे काम हाती घेऊ नये. त्यानंतर प्रमाणपत्रात हवी असलेली सर्व नावे लिहून काढावीत: मूळ डोमेन, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेले नाव, बुकिंगसाठी वेगळे उपडोमेन असल्यास तेही. वाइल्डकार्ड, म्हणजे सर्व उपडोमेनना एकत्र चालणारे, प्रमाणपत्र घेतले तरी त्यात मूळ डोमेन आपोआप येत नाही. ते वेगळे नोंदवावे लागते. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेत, सीएए नोंद (प्रमाणपत्र कोणत्या संस्थेने द्यावे हे सांगणारी) असेल, तर निवडलेल्या प्रमाणपत्र संस्थेला, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला, तिच्यात परवानगी दिलेली आहे का, हेही तपासावे.

खासगी चावी, म्हणजे प्रमाणपत्राच्या जोडीची गुप्त फाइल, सर्व्हरवरच तयार करावी; ती आरएसए प्रकारची असल्यास किमान २०४८ बिटांची हवी. प्रमाणपत्र संस्थेला फक्त सीएसआर, म्हणजे मागणीची फाइल, द्यायची असते. खासगी चावी कोणी मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मागितली, तर ठाम नकार द्यावा, मग मागणारा कितीही ओळखीचा असो.

डोमेनची मालकी पटवण्यासाठी सर्व्हरचे ८० क्रमांकाचे पोर्ट खुले हवे, किंवा डीएनएसमध्ये टीएक्सटी (मजकुराची) नोंद करता यायला हवी. वाइल्डकार्डला फक्त डीएनएसचा मार्ग चालतो. लेट्स एनक्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रे देणारी संस्था वापरत असल्यास पहिला प्रयत्न तिच्या चाचणी सर्व्हरवर करावा, कारण खऱ्या सर्व्हरवर पडताळणी वारंवार फसली की काही काळ मागणी अडवली जाते.

प्रमाणपत्र बसवताना मधल्या साखळीची, म्हणजे आपले प्रमाणपत्र संस्थेच्या मूळ प्रमाणपत्राशी जोडणाऱ्या मधल्या प्रमाणपत्रांची, फाइल हमखास राहून जाते. कार्यालयातील संगणकावर पान बिनबोभाट उघडते आणि यात्रेकरूच्या फोनवर मात्र चूक दिसते, ती अनेकदा यामुळेच. म्हणून पूर्ण साखळीची फाइल जोडावी, सर्व्हरची मांडणी तपासून मगच तो रीलोड करावा आणि वेगवेगळ्या फोनवर, मोबाइल डेटावरून, पान उघडून पाहावे.

सर्वाधिक काळजी नूतनीकरणाची घ्यावी. प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर आली, १५ मार्च २०२७ पासून ती १०० दिवस आणि २०२९ मध्ये ४७ दिवस होणार आहे. त्यामुळे वर्षातून एकदा आठवण ठेवण्याची पद्धत आता उपयोगाची नाही. लेट्स एनक्रिप्टने मुदत संपण्याआधी पाठवली जाणारी मेलही जून २०२५ मध्ये बंद केली. नूतनीकरण स्वयंचलित करावे, त्याची रंगीत तालीम घ्यावी, आणि नवी फाइल आल्यावर सर्व्हर आपोआप रीलोड होतो का, हे मुद्दाम पाहावे. नाहीतर नवे प्रमाणपत्र डिस्कवर पडून राहते आणि जुनेच दिसत राहते. ज्यांना हे काम हातानेच करावे लागते, त्यांनी १०० दिवसांचे प्रमाणपत्र जुलै २०२७ च्या अखेरीस घ्यावे, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या पर्वस्नानांच्या काळात मुदत संपणार नाही.