कोरियातला पहिला हिवाळा आणि होप्पांग: नव्याने आलेल्यांसाठी

होप्पांग म्हणजे आत सारण भरून वाफवलेला मऊ, गोल पाव. सगळ्यात आधी हे वाचा: 'याछे' (भाज्यांचं) होप्पांग शाकाहारी नसतं. पाकिटावर भाज्यांचं चित्र असलं तरी सारणात कोबी-कांद्याबरोबर डुकराचं मांस असतं. दर हिवाळ्यात आपल्यातलाच कुणीतरी जुना माणूस ग्रुपवर 'व्हेज आहे, बिनधास्त खा' असं ठोकून देतो आणि नवी मुलं खातात. चित्रावर विसंबू नका आणि त्या जुन्या माणसावर तर अजिबातच नको. पिझ्झा होप्पांगातही चीज-टोमॅटोबरोबर हॅम किंवा खिमा सहसा असतोच.

मांस न खाणाऱ्यांसाठी भरवशाचं म्हणजे दानपात, लाल पाताच्या (अझुकी या छोट्या लाल कडधान्याच्या) गोड सारणाचं. पुरणाच्या जवळ जाणारं, पण वेलची-जायफळ नाही. १९७१ मध्ये सामलिप कंपनीने होप्पांग बाजारात आणलं ते याच सारणाचं. तरी पाकीट वाचाच, कारण पिठात दूध असू शकतं, कधी अंडंही.

वाचायचं कसं? कोरियात ॲलर्जीच्या यादीत डुक्कर, गोमांस आणि कोंबडी लिहिणं बंधनकारक आहे, हे आपल्या पथ्यावर पडतं. घटकांच्या शेजारच्या किंवा खालच्या चौकटीत शेवटी 'हामयू' असतं. त्याआधी जे लिहिलंय ते त्या पदार्थात आहे. 'ट्वेजिगोगी' म्हणजे डुक्कर, 'स्वेगोगी' म्हणजे गोमांस. त्याखाली आणखी एक लांबलचक वाक्य असतं: याच कारखान्यात डुक्कर वापरलेले पदार्थही बनतात, असं. ते पाहून घाबरून दानपातही परत ठेवणारे बरेच आहेत. ते वाक्य घटकांबद्दल नाही. चालवून घ्यायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. घटकांत 'दोनजी' दिसलं तर मात्र ती डुकराची चरबी. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा, पण मग 'हामयू'चं आणि कारखान्याचं, ही दोन वाक्यं वेगळी ओळखा.

ऑक्टोबरच्या सुमारास सीयू, जीएस२५ वगैरे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांच्या साखळ्यांच्या काही दुकानांत काउंटरजवळ वाफेचं काचेचं कपाट लागतं. 'दानपात हाना जुसेयो' म्हटलं की एक मिळतं. काउंटरवरच्या मुलाला घटक विचारून उपयोग नाही, तो बहुधा अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी असतो. एकाच कपाटात सगळे प्रकार शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांनी पाकीट घेऊन घरीच वाफवावं. फार वेळ आत राहिलेलं होप्पांग ओलं, चिकट होतं. साल सुरकुतलेली दिसली तर घेऊ नका.

रस्त्यावरच्या वाफेच्या टोपल्यांत दिसतात ते जिनप्पांग आणि वांगमांदू. गुळगुळीत गोल ते जिनप्पांग, आत बहुधा गोड पात. वर चुण्या असतील तर वांगमांदू, म्हणजे मांस. किमची वांगमांदूतही मांसच.

घरी मायक्रोवेव्ह करताना बहुतेक जण होप्पांग कोरडंच आत टाकतात आणि मिनिटभराने चामड्यासारखं झालं म्हणून कंपनीला शिव्या देतात. पिठातलं पाणी उडून जातं, दुसरं काही नाही. पाण्याचा हात लावा, खोलगट वाडग्यात ठेवून वर सैल झाकण घाला, ७०० वॅटवर ३० ते ४० सेकंद. दुकानातला मायक्रोवेव्ह बहुधा १००० वॅटचा असतो, तिथे वेळ कमी करा. काही पाकिटं न उघडता तशीच तापवायची असतात; त्यांच्यावर लिहिलेलं बघा.

चव वाफेवरच खरी. मोदकपात्र आणलं असेल तर उत्तम, नाहीतर पातेल्यात चाळणी. पाणी उकळू लागल्यावरच आत ठेवा, झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून साल डागाळते. साधं ५-७ मिनिटं, फ्रीझरमधलं १२-१५. तळाचा कागद गरम असतानाच काढा. सारण सालीपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि तोंड भाजतं. आधी अर्धं करा.

उरलेली फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे पीठ सगळ्यात लवकर कडक होतं. एक-दोन दिवसांत संपणार असतील तर बाहेर, नाहीतर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये. पाकिटावरची तारीख जवळचीच असते, म्हणून स्वस्त पडतं म्हणून एकदम चार पाकिटं उचलू नका.