स्नायू वाढत नाहीत की झडतायत? या चुका टाळा

स्नायू वाढला म्हणजे त्यात नवे तंतू तयार झाले, असं बरेच जण धरून चालतात. प्रौढ माणसात तंतूंची संख्या जवळपास ठरलेली असते, वाढते ती एकेका तंतूची जाडी. तंतूत प्रथिनं बांधणं आणि मोडणं ही दोन्ही कामं चोवीस तास चालू असतात. जे जास्त, तिकडे जाडी झुकते. बहुतेकांचं लक्ष मात्र फक्त बांधणीकडे असतं.

बांधणीची सूत्रं एमटॉर या प्रथिनाकडे असतात. स्नायूवर ताण पडला, जेवणातून ल्युसिन हे अमिनो आम्ल आलं, इन्सुलिनचा संदेश मिळाला, की ते कामाला लागतं. त्यामुळे वजन न उचलता नुसती प्रोटीन पावडर वाढवून फारसं काही हाती लागत नाही. उलट, सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते पण दंड तेवढाच राहतो, म्हणून व्यायामच सोडू नका. ही ताकद मुख्यतः मज्जासंस्थेने तंतू नीट कामाला लावल्यामुळे येते. जाडी मागाहून येते.

आता मोडणी. प्लास्टर काढल्यावर मांडी बारीक दिसते, तेव्हा तंतू मेले असं वाटून लोक घाबरतात. ते बहुतेक जागेवरच असतात, फक्त रोडावलेले. ताणच नसल्याने बांधणी मंदावते. आजारपणात किंवा उपासमारीत फॉक्सओ ही प्रथिनं केंद्रकात शिरून मोडणीला लागणाऱ्या अॅट्रोजिन-1 आणि मर्फ-1 या प्रथिनांची जनुकं जागी करतात. मग तंतूतल्या प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चढते आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं मोडणीचं यंत्र त्यांचे तुकडे करतं. अशा वेळी नुसतं भरपूर खाऊन भागत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली स्नायूवर हळूहळू भार यायलाच हवा.

मायोस्टॅटिन हे स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन. ते रोखणाऱ्या गोळ्यांच्या जाहिरातींना भुलू नका. 1997 मध्ये या प्रथिनाचं जनुक काढलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले हे खरं. माणसांवरच्या औषधचाचण्यांत मात्र तशी किमया दिसलेली नाही.

स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील आणि जिना चढताना किंवा खुर्चीतून उठताना मांड्या साथ देईनाशा झाल्या, तर दोष वयाला देऊ नका. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दिली जाणारी ही औषधं मोडणी वाढवतात. पण गोळ्या परस्पर बंद करणं त्याहून धोक्याचं, डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.