प्रोस्टेटच्या टिश्यूतले लिपिड मास स्पेकवर लावताय? या चुका टाळा

आधी एक क्लिअर करून घेऊ, प्रोस्टेट कॅन्सर आहे की नाही हे आजही बायोप्सी आणि पॅथॉलॉजिस्टची स्लाइडच ठरवते, मास स्पेक (मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंचं वजन मोजणारं मशीन) फक्त मदतीला. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची टेस्ट) वाढला म्हणून कोणी थेट लिपिड (चरबीसारखे रेणू) टेस्ट करा म्हणत असेल तर ऐकू नका. हे लिहितोय ते रिसर्चवाल्या पोरापोरींसाठी, कारण "सर पीकच दिसत नाहीये" (पीक म्हणजे ग्राफवर एकेका वजनाला येणारं टोक, खालचे आकडे त्याच वजनाचे, m/z) हे ऐकून ऐकून कान किटले राजेहो, आणि बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असते, घोळ ओटीतच (ऑपरेशन थिएटरमध्ये) झालेला असतो.

ओटीतली सिस्टर सवयीनं तुकडा फॉर्मलिनच्या डबीत टाकते, तिचं रोजचं कामच ते. पण पुढे पॅराफिन ब्लॉक बनवताना टिश्यू अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो आणि बरेचसे लिपिड तिथंच धुवून निघतात, मग त्या ब्लॉकमध्ये काय शोधणार? म्हणून आदल्या दिवशीच बोलून ठेवा, निदानाचा तुकडा आधी पॅथॉलॉजीला, तुमचा लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये आणि नंतर उणे ८० ला.

क्रायोस्टॅटवर (गोठलेल्या टिश्यूचे पातळ काप करायचं मशीन) नीट कापता यावं म्हणून काहीजण तुकडा ओसीटीत (टिश्यू बसवायची जेल) बुडवतात. नका बुडवू. त्यातलं पॉलिमर ४४-४४ च्या अंतरानं पीकची रांगच लावतं आणि खरे लिपिड त्याखाली दबून जातात. चकवर (तुकडा धरायची चकती) तुकडा थेंबभर पाण्याच्या बर्फानं चिकटवा, तेवढं पुरतं.

आता आपला नागपूरचा मे महिना. मेडिकल कॉलेजपासून अमरावती रोडच्या विद्यापीठ कॅम्पसपर्यंत थर्माकोलच्या डब्यात चिमूटभर ड्राय आइस टाकून गाडीवर निघायचं, सिग्नलवर ४५ डिग्रीत थांबायचं, आणि पोचल्यावर परत फ्रीझरमध्ये ठेवायचं, हीच ती चूक. वरून तुकडा चांगलाच दिसतो हो, पण मधे वितळला की एन्झाइम फॉस्फोलिपिड तोडतात आणि २८१.२ चं ओलिक, ३०३.२ चं अरॅकिडोनिक अॅसिड वाढलेलं दिसतं, अन् पोरं म्हणतात कॅन्सरची सही सापडली! पावसाळ्यात वेगळीच भानगड, थंड स्लाइड उघडली की दव धरतं आणि लिपिड इकडचे तिकडे पसरतात. स्लाइडचा डबा बंदच ठेवून रूम टेंपरेचरला येऊ द्या, मग स्लाइड डेसिकेटरमध्ये सुकवा.

पीकचं नाव नुसत्या आकड्यावरून ठेवू नका. पॉझिटिव्ह मोडमधलं ७८२.५७ घ्या, ते पीसी (फॉस्फॅटिडिलकोलिन, एक फॉस्फोलिपिड) ३४:१ चं सोडियमवालं रूप असू शकतं किंवा पीसी ३६:४ चं प्रोटॉनवालं, दोघांत फरक फक्त ०.००२ च्या आसपास, साध्या मशीनला तो दिसतच नाही. निगेटिव्हमधलं ४६५.३ म्हणजे कोलेस्टेरॉल सल्फेट. २०१० मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या ग्रुपनं डेसी (टिश्यूवर विद्युतभारित सॉल्व्हेंटचा स्प्रे मारून लिपिड उचलायची पद्धत) वापरून ते प्रोस्टेट कॅन्सरच्या टिश्यूत दाखवलं तेव्हापासून सगळे त्याच्याच मागे. पण हेच रसायन आपल्या कातडीतही भरपूर असतं, म्हणून ग्लोव्हशिवाय स्लाइडला हात नको, आणि एमएस-एमएस करून (रेणू मशीनमध्येच तोडून) ९७ चा तुकडा दिसतो का ते बघाच.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र कॉम्प्युटरवर होते. एका पेशंटच्या सेक्शनमधून हजारो पिक्सेल मिळतात, त्यातले अर्धे कॅन्सर ओळखणाऱ्या मॉडेलच्या ट्रेनिंगला अर्धे टेस्टला टाकले की अॅक्युरसी आभाळाला टेकते, कारण मॉडेल कॅन्सर नाही, तो पेशंट ओळखायला शिकलेलं असतं. वाटणी पेशंटप्रमाणेच करा. कॅन्सरचे सॅम्पल सोमवारी अन् नॉर्मल मंगळवारी असंही लावू नका, मिसळून लावा. आणि प्रोस्टेटमध्ये ग्रंथी अन् स्ट्रोमा (मधला आधाराचा टिश्यू) सरमिसळ असतात, ट्यूमरच्या भागात ग्रंथीच्या पेशी जास्त असल्या तर तुम्ही मोजताय तो फरक त्यांचाच असू शकतो. यावर उपाय आहे, डेसीला डीएमएफवालं सॉल्व्हेंट वापरलं तर सेक्शन शाबूत राहतो, त्यालाच एच अँड ई (पॅथॉलॉजीचा नेहमीचा रंग) करून पॅथॉलॉजिस्टकडून भाग आखून घ्या.

रन अर्धा झाल्यावर सिग्नल पडला तर लगेच इंजिनिअरला फोन नको. आधी नायट्रोजनचं प्रेशर बघा, मग स्प्रेच्या कॅपिलरीचं टोक, तिथं मीठ साचतं. दोन्ही ठीक असेल तर उंदराच्या मेंदूचा रोजचा क्यूसी (मशीन तपासायचा) सेक्शन लावा, निगेटिव्हमधलं ८८५.५ चं लिपिड पीक नेहमीइतकं आलं तर गडबड तुमच्या सॅम्पलमध्ये आहे.