नेटबीएसडीचा बिल्ड सांभाळायचा असेल तर

भोसरीत आम्ही पाण्याच्या टाक्यांचे कंट्रोलर बनवतो. आतल्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डवर नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते आणि तिची सोर्स ट्री, म्हणजे सगळा मूळ कोड, माझ्या ताब्यात असते. नव्या माणसाला मी आधी एवढंच सांगते: तुमच्या मशीनवर बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारी सिस्टिम तयार करणं, पास झाला याला फारशी किंमत नाही. कोऱ्या डिरेक्टरीतून, दुसऱ्याच्या मशीनवरही तो तसाच झाला पाहिजे.

सुरुवात सोप्पी आहे. सोर्सच्या मुळाशी असलेली बिल्ड डॉट एसएच ही स्क्रिप्ट आधी 'टूल्स' देऊन चालवा. ती स्वतःचा कंपायलर, लिंकर आणि मेक (मेकफाइलमधल्या सूचना वाचून बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) तयार करते, त्यामुळे साध्या उबुंटूवरही एआरएमचा बिल्ड होतो. मग तीच स्क्रिप्ट 'रिलीज' देऊन. तिला मोठा यू हा ऑप्शन दिलात की रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क, लागत नाहीत. फाइलचा मालक आणि परवानग्या मेटालॉग नावाच्या फाइलमध्ये नोंदल्या जातात. म्हणून मेकफाइलमध्ये हाताने सीपी (फाइल कॉपी करायची कमांड) लिहू नका, ती नोंद होत नाही.

लहान यू हा ऑप्शन दिला की आधीचं साफ न करता बिल्ड पुढे चालू होतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, तेव्हा याचा फार उपयोग. पण मशीन अचानक बंद पडलं असेल तर आधी ऑब्जेक्ट डिरेक्टरीत शून्य आकाराच्या डॉट ओ फाइल (कंपाइल झालेले तुकडे) शोधून उडवा. तारीख नवी दिसते म्हणून मेक त्यांना हात लावत नाही आणि एरर येते ती थेट लिंक करताना, भलत्याच ठिकाणी.

आता खरी डोकेदुखी: सेट लिस्ट. सेट म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलींचा गठ्ठा. सिस्टिममध्ये जाणारी प्रत्येक फाइल डिस्ट्रिब, सेट्स, लिस्ट्स या डिरेक्टरीतल्या यादीत असावी लागते. समजा तुम्ही यूएसआर एसबिनमध्ये 'टाकीमाप' नावाचा प्रोग्रॅम घातला. सगळं कंपाइल होतं आणि अगदी शेवटी बिल्ड थांबतो: डेस्टडिरमध्ये (तयार फाइली जिथे जमा होतात ती डिरेक्टरी) एक फाइल जास्त आहे. वैतागून ही तपासणी बंद करणारे मी पाहिलेत. कृपा करून करू नका. ग्राहकाच्या बोर्डवर नेमकं काय जातंय हे सांगणारी ही एकच जागा आहे. बेस या मुख्य सेटच्या यादीत पाथ आणि सेटचं नाव अशी ओळ घाला. मॅन पान (प्रोग्रॅमचं मदतीचं पान) असेल तर त्याची ओळ मॅनच्या यादीत. फाइल काढून टाकताना मात्र ओळ पुसायची नाही, तिला 'ऑब्सोलीट' करायचं. तरच जुन्या बोर्डवर पोस्टइन्स्टॉल ही स्क्रिप्ट ती फाइल शोधून काढून टाकते.

कधी यादी बरोबर असते आणि डेस्टडिरमध्ये मागच्या बिल्डचा कचरा असतो. फाइलची तारीख बघा, लगेच कळतं.

जास्त जॉब (एकाच वेळी चालणारी बिल्डची कामं) लावले असतील तर लॉगची शेवटची ओळ वाचून धावू नका, पहिली एरर शोधा. एकाच जॉबने तोच बिल्ड पास होत असेल तर मेकफाइलमध्ये कुठलीतरी डिपेंडन्सी, म्हणजे कशाआधी काय तयार हवं ते, लिहायची राहिली आहे. ती लिहा. जॉब कमी करणं हा इलाज नाही.

सोर्स अपडेट केल्यावर अपडेटिंग नावाची फाइल वाचा. काय साफ करायचं ते तिथे लिहिलेलं असतं. आणि रिलीजआधी मोठा पी हा ऑप्शन (दर वेळी तंतोतंत तसाच बिल्ड व्हावा यासाठी) देऊन दोन वेगळ्या मशीनवर बिल्ड करा, सेट्सचे हॅश, म्हणजे फाइलींचे ठसे, जुळवा. जुळले नाहीत तर कोडमध्ये डेट आणि टाइमचे मॅक्रो (कंपाइलची तारीख-वेळ आत घालणारे शब्द) आधी शोधा, मग बिल्ड डिरेक्टरीचा पाथ कुठे छापला जातोय ते.